ती वही कुठे आहे?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी मुलगी चोवीस वर्षांची. युरोपातल्या एका विद्यापीठात ‘शाश्वत समाजविकास’ या विषयात एमए करते आहे. प्रबंधासाठी आठ आठवडे टांझानियातल्या एका गावात आहे, त्यातले पाच संपले. (गाव, विद्यापीठ आणि संस्था यांची नावं मी गाळली आहेत.) विषय आहे हापशासाठी गावाने चालवलेली पाणीसमिती. जी संस्था तिला गावात घेऊन गेली, तिच्या अहवालात ही समिती म्हणजे यशोगाथा. प्रत्यक्षात सकाळी चाळीसेकदा हापसल्यावर पाण्याची पहिली धार येते, आणि समितीच्या रजिस्टरात अकरा महिन्यांच्या बैठका एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेल्या आहेत. तिसऱ्या आठवड्यात मुलाखत संपल्यावर एका मामांनी तिला विचारलं, “मागच्या वर्षीही दोघं आली होती. हेच विचारलं, वहीत लिहून घेतलं. ती वही कुठे आहे?” (स्वाहिलीत मामा म्हणजे आई. आपल्या मामाशी गल्लत नको.) तेव्हापासून तिची झोप उडाली आहे. ‘यांच्या गरिबीवर मी डिग्री मिळवते आहे’ असं तिला वाटतं. तिला तीन वाटा दिसतात: सगळं सोडून परत जावं, मित्रमैत्रिणींकडून ऑनलाइन पैसे जमवून हापसा दुरुस्त करून द्यावा, किंवा गप्प बसून संस्थेला रुचेल असा प्रबंध लिहून मोकळं व्हावं. ती विचारते, ‘ताई, यातलं बरोबर काय?’

तू ताई म्हणालीस, म्हणून मीही सरळ एकेरीवर येते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडले. मामांनी विचारलं, ती वही कुठे आहे. तू ऐकलंस, ‘तू आमच्यासाठी काय केलंस?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याला उत्तर नाही, म्हणून तो रात्रभर छळतो. पहिला मात्र साधा, पत्ता विचारल्यासारखा आहे. दोन आठवडे तू झोप घालवलीस, पण ती वही शोधलीस का? संस्थेच्या ऑफिसात एवढं तरी विचारलंस का, की मागच्या वर्षी आलेली ती दोघं कोण होती?

टांझानियात परदेशी माणसाला संशोधन करायचं तर विज्ञान आणि तंत्रज्ञान आयोगाचा, म्हणजे कॉस्टेकचा, परवाना लागतो, आणि काम झाल्यावर अहवाल आयोगाकडे द्यावा लागतो. म्हणजे ती वही, किंवा तिचा झालेला प्रबंध, हवेत विरलेली नाही. आयोगाकडे असेल, कुठल्यातरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात असेल, नाहीतर तुझ्याच संस्थेच्या कपाटात, धूळ खात. शोध. सापडली तर त्यातला या गावाबद्दलचा भाग स्वाहिलीत करून घे आणि मामांच्या अंगणात बसून वाचून दाखव. नाही सापडली तर तसंच सांग: या तीन ठिकाणी विचारलं, मिळाली नाही. हेही उत्तरच आहे. बहुधा त्यांना आजवर मिळालेलं पहिलं.

जाता जाता, परवान्याचं तू एका ओळीत उरकलं आहेस: ‘ते सगळं संस्थेने बघितलं.’ स्वतः बघ. कागद हातात घे, त्यावर तुझं नाव, तुझा विषय आणि तारखा आहेत का ते वाच. प्रदेश, जिल्हा आणि गाव अशा प्रत्येक पायरीवर तो दाखवलेला असावा लागतो. पर्यटक व्हिसावर मुलाखती घेत असशील तर उद्या चौकशी झाल्यावर तू विमानात बसून जाशील. तुला गावात फिरू दिलं म्हणून गावचे अध्यक्ष मात्र मागे राहतील, खुलासे देत.

आता त्या डिग्रीच्या बोचणीबद्दल. ती जाऊ दे असं मी म्हणणार नाही, थोडी बोचलेलीच बरी. पण ती कशाची आहे ते नीट बघ. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांकडे पिढ्यानपिढ्या संशोधक येत राहिले. शेवटी त्यांनीच २०१७ साली संशोधकांसाठी आचारसंहिता लिहिली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी, आणि हे सगळं रीतसर प्रक्रियेतून. त्यात अनादराचं वारंवार भेटणारं उदाहरण म्हणून त्यांनी काय नोंदवलं आहे? संशोधक ‘निष्कर्ष कळवतो’ म्हणून सांगतात आणि कळवत नाहीत. हे वाचलं तेव्हा मी जराशी खजील झाले. खूप वर्षांपूर्वी, विद्यार्थिनी असताना, एका पाहणीत एका कुटुंबाचा फोटो काढून ‘परत गेल्यावर पाठवते’ म्हटलं होतं. घरातल्या आजीबाई त्यासाठी आत जाऊन लुगडं बदलून आल्या होत्या. फोटो सुरेख आला. पाठवायचा राहिला, तो राहिलाच. त्या पाहणीतले आकडे मला आज एकही आठवत नाहीत. लुगडं आठवतं.

तेव्हा तुझ्या तीन वाटांपैकी पहिली बंद कर. पाच आठवडे लोकांनी तुला वेळ दिला आहे. आता निघून गेलीस तर गावात आणखी एक हरवलेली वही जमा होईल, एवढंच.

दुसऱ्या वाटेवर, म्हणजे हापशावर, मला जास्त बोलायचं आहे, कारण तीच सगळ्यात मोहाची आहे.

तू वर्णन केलेला हापसा ॲफ्रिडेव्ह जातीचा दिसतो. १९८० च्या दशकात मलावी आणि केनियात तो घडवला गेला, आणि त्याची सगळी मांडणीच अशी की गावातल्या माणसाला जवळजवळ एका पान्यावर तो उघडता यावा. रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी चाळीसदा हापसावं लागतं याचा अर्थ बहुधा तळाची झडप धरत नाही किंवा पाइपाचा एखादा सांधा गळतो, आणि वर चढलेलं पाणी रात्रीतून खाली उतरतं. धार बारीक असेल तर वायसर झिजलेला. हे सुटे भाग महाग नसतात. तुझ्या मैत्रिणी एका संध्याकाळच्या खर्चात ते घेऊन देतील. म्हणूनच विचार कर: जी गोष्ट इतकी स्वस्त आहे, ती अकरा महिन्यांत का झाली नाही? वायसर मिळणारं दुकान किती लांब आहे? पाना कुणाच्या घरी आहे? पैशाची पेटी कुणाकडे, आणि तिची किल्ली कुणाकडे? सांधाच गळत असेल तर पाइप वर ओढायला माणसं लागतात, ती दिवसाची मजुरी बुडवून येणार का? तुझा प्रबंध नेमका इथे सुरू होतो. तू वायसर आणून बसवलास तर ही सगळी उत्तरं झाकली जातील आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा झिजेल.

हे एका गावाचं रडगाणं नव्हे. ग्रामीण पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने २००९ साली सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या वीस देशांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा सुमारे ३६ टक्के हापसे बंद निघाले. आणि भल्या मनाने, भरपूर पैसा ओतूनही काय होतं याचं उदाहरण आहे. मुलांनी गोल फिरणाऱ्या पाळण्यावर खेळायचं आणि त्या फिरण्यावर टाकीत पाणी चढायचं, अशा ‘प्लेपंप’ची २००६ साली मोठी घोषणा झाली. २०१० पर्यंत चार हजार बसवायचे होते. पण मुलं काही दिवसभर खेळत नाहीत. कित्येक गावांत बायाच ते जड चाक ढकलत बसल्या, आणि कित्येक ठिकाणी आधीचा चांगला हापसा काढून हे बसवलं होतं. मोहीम गुंडाळावी लागली. बायांना कुणी आधी विचारलं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं असतं.

शिवाय तुझे तीन आठवडे उरले आहेत. ‘ही मुलगी हापसा देणार आहे’ ही बातमी पसरल्यावर तुला खरं कोण सांगेल? गावाच्या लेखी तू ‘म्राडी’ होशील. म्राडी म्हणजे प्रोजेक्ट, आणि प्रोजेक्टशी कसं बोलायचं हे त्या गावाला तुझ्यापेक्षा जास्त चांगलं कळतं.

आता याचा अर्थ हात बांधून बस असा घेऊ नकोस. रात्री एखाद्या मुलाला ताप भरला आणि संस्थेची गाडी दारात उभी असेल तर त्याला दवाखान्यात पोचव. तिथे कसलं आलं संशोधन! लोकांच्या वेळेचा मोबदला द्यायचा असेल तर गावच्या मोठ्या माणसांना विचारून एकच ठरव आणि सगळ्यांना सारखा दे. जिची कहाणी करुण तिला जास्त, असं होऊ देऊ नकोस.

पत्रात एक वाक्य तू सहज लिहून गेलीस: ‘लोकांमध्ये ओनरशिपची जाणीवच नाही, महिन्याची वर्गणी भरत नाहीत.’ हे तुझं वाक्य आहे की संस्थेच्या अहवालातलं? मला ते छापील वाटलं. त्या देशाची गोष्ट जरा मागून बघ. १९७१ साली टांझानिया सरकारने वीस वर्षांचा कार्यक्रम जाहीर केला: १९९१ पर्यंत प्रत्येक घरापासून ४०० मीटरच्या आत पाणी, आणि तेही फुकट. मधल्या काळात, १९७३ ते १९७६ दरम्यान, लाखो माणसांना विखुरलेल्या वस्त्यांतून उठवून नव्या आखीव गावांत नेलं गेलं. एकत्र या, शाळा मिळेल, दवाखाना मिळेल, पाणी मिळेल, असं सांगून. काहींना तर उचलूनच नेलं. १९९१ उजाडलं, पाणी आलं नव्हतं, आणि त्याच वर्षीच्या धोरणात खर्चाचा वाटा लोकांनी उचलावा असं आलं. २००२ च्या धोरणाने तर सांगितलं की योजना तुमची, देखभाल तुमची, तिचे पैसेही तुमचेच. २०१९ च्या कायद्याने पुन्हा नवी यंत्रणा उभी केली, नव्या नावाच्या समित्या आल्या.

आता गावातल्या सत्तरीच्या बाईच्या जागी बसून बघ. एका आयुष्यात तिने ‘पाणी सरकार देईल’ ते ‘पाणी तुमची जबाबदारी’ इथवरचा प्रवास पाहिला. तिने वर्गणी देताना हात आखडला तर त्याला जाणीव नसणं म्हणशील, की चांगली स्मरणशक्ती? म्हाताऱ्या माणसांना नुसतं एवढं विचार, तुम्ही या गावात कसे आलात? माझा अंदाज आहे, दोन प्रकरणांचा ऐवज त्या एका प्रश्नात निघेल.

वर्गणीचं आणखी एक. तू कोरड्या महिन्यांत गेलीस, कारण विद्यापीठाला सुट्टी तेव्हा असते. रॉबर्ट चेंबर्स या विकास-अभ्यासकाने १९८३ मध्येच हे हसत हसत दाखवून दिलं होतं: बाहेरचे लोक खेड्यात जातात ते डांबरी रस्त्याच्या कडेने, कोरड्या ऋतूत, जिथे प्रकल्प चालू आहे तिथेच, आणि बोलतात पुढाऱ्यांशी. तुझ्या पत्रात यातल्या बहुतेक खुणा आहेत, रागावू नकोस. मसिका म्हणजे मोठा पाऊस सुरू झाला की ओढे वाहतात, पत्र्यावरचं पाणी मिळतं. हापशावर कोण येणार, आणि जो येत नाही तो वर्गणी का भरेल? महिनावार विचार. आणि रस्त्यापासून सगळ्यात लांबच्या वस्तीत निदान दोन दिवस काढ. तिथली माणसं हापशावर येतच नसतील, तर समितीच्या यादीत त्यांचं नावही नसेल.

मग ते रजिस्टर. एकाच पेनाने लिहिलेल्या अकरा बैठका पाहून तुझ्या मनात ‘खोटं’ हा शब्द आला. येणारच. पण रजिस्टर कुणासाठी लिहिलं जातं? बैठका हापशापाशी उभ्या-उभ्या झाल्या असतील, कुणी लिहिल्या नसतील, आणि तपासणी आली म्हणून लिहिता येणाऱ्या एकीने एका दुपारी सगळं उतरवलं असेल. किंवा बैठका झाल्याच नसतील. किंवा संस्थेला दात्याकडे दर महिन्याचा कागद पाठवावा लागतो म्हणून तो तयार झाला असेल. मला माहीत नाही, आणि आज तुलाही माहीत नाही. ‘हे खरं आहे का?’ असं विचारलंस तर दारं बंद होतील. ‘हे रजिस्टर कुणी, कधी मागितलं होतं?’ असं विचारून बघ.

पण ते विचारणार कसं? तुझा दुभाषा संस्थेचा पगारी माणूस आहे. तूच लिहिलं आहेस की एक बाई हातवारे करत दोन मिनिटं बोलली आणि त्याने सांगितलं, ‘ती म्हणते, चांगलं आहे.’ अगं, त्या दोन मिनिटांत काय होतं? परवानगी घेऊन केलेली ध्वनिमुद्रणं आहेत म्हणतेस, तर त्यातली चार-पाच शहरातल्या एखाद्या स्वाहिली जाणणाऱ्या, संस्थेशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडून पुन्हा ऐकून घे. मात्र ती व्यक्ती त्या भागातली नसावी, आवाजावरून माणूस ओळखू येतो. उरलेल्या मुलाखतींना दुसरं कुणी मिळतं का बघ. बायांशी बोलायला बाई. आणि तोवर तू स्वतः थोडी भाषा उचल. तुझ्या पदवीचं नाव स्वाहिलीत ‘मायेंडेलेओ एंडेलेवू’ असं होतं. मायेंडेलेओ म्हणजे विकास, एंडेलेवू म्हणजे शाश्वत, आणि दोन्ही शब्द एंडेलेआ, म्हणजे चालू राहणं, याच क्रियापदातून आलेले. प्रश्नावलीत ‘ही योजना शाश्वत आहे का’ असं विचारण्याऐवजी ‘आम्ही सगळे गेल्यावर काय चालू राहील?’ असं विचार. समोरची बाई हसेल, मग बोलेल.

तिसरी वाट, गप्प बसण्याची. तुला भीती आहे की संस्था नाराज होईल आणि पुढच्या मुलांना प्रवेश मिळणार नाही. भीती खोटी नाही. पण संस्थेत एकच डोकं नसतं. अहवाल लिहिणारा वेगळा आणि मोटरसायकलवरून गावोगाव फिरणारा वेगळा. त्या फिरणाऱ्याला सगळं माहीत असतं, त्याला कुणी विचारत नाही इतकंच. तुझे निष्कर्ष आधी समितीला सांग, मग संस्थेला, आणि मगच लिही. दोघांनाही चूक दाखवायची मुभा दे. चूक पुसायची नाही, दाखवायची. त्यांचं म्हणणं वेगळं असेल तर तेही प्रबंधात येऊ दे.

सगळ्यात जपायचं ते माणसांना. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं शहरात होतं. ज्या गावात एकच हापसा, एकच समिती आणि एकच खजिनदार आहे, तिथे ‘खजिनदार महिला, वय पन्नास’ लिहिलंस की संपलं. रजिस्टरची गोष्ट कुणा एका व्यक्तीवर बेतू नकोस. कागदाची मागणी वरून कशी येते, त्याची गोष्ट सांग. आणि एखादी गोष्ट छापल्याने कुणाच्या घरात भांडण होणार असेल तर ती कितीही रसाळ असली तरी गाळ. परीक्षक रागावले तर माझं नाव सांग.

यंदा-पुढच्या वर्षी असंच कुठे जायच्या तयारीत असलेल्या मुलामुलींनो, तुमच्यासाठी दोनच गोष्टी. निघण्याआधी त्या गावावर आधी कुणी लिहिलं आहे ते शोधून वाचा आणि सोबत न्या, म्हणजे पहिल्याच दिवशी वहीचा प्रश्न आला तर वही पिशवीत असेल. आणि मुलाखतीआधी संमती घेताना ‘याचा तुम्हाला फायदा होईल’ हे वाक्य गाळा. ‘मी विद्यार्थी आहे, यातून मला पदवी मिळेल, तुम्हाला थेट काही मिळणार नाही, नको असेल तर बोलू नका’ एवढं सांगा. बहुतेक लोक तरीही बोलतात. काही उठून जातात, त्यांना जाऊ द्या.

तुझ्या शेवटच्या आठवड्याचं मात्र आजच ठरव. निघण्याआधीचे चार दिवस मोकळे ठेव, त्यात एकही नवी मुलाखत घेऊ नकोस. गावच्या अध्यक्षांना आत्ताच सांग की मला गावसभेत अर्धा तास बोलायचं आहे. दोन पानं स्वाहिलीत तयार कर: मी काय ऐकलं, काय मोजलं, काय समजलं नाही. हापसा का दुरुस्त झाला नाही याची लोकांनीच सांगितलेली कारणं त्यात असू देत, कुणाचंही नाव न घेता. त्याच्या प्रती गावच्या ऑफिसात, शाळेत आणि मामांच्या घरी ठेव. प्रबंध झाल्यावर तो कुठे मिळेल आणि किती महिने लागतील तेही त्यावर लिही. सभेत कुणी म्हणालं, हे चुकीचं आहे, तर तिथेच पेन काढून दुरुस्त कर, सगळ्यांसमोर.

आणि मुलाखतीनंतर मामांचा जो फोटो काढलास असं लिहिलं आहेस, तो जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन जाड कागदावर छापून घे, निघायच्या आधी. परत गेल्यावर पाठवते असं त्यांना सांगू नकोस.